बायडाबाईचा डाग

वडवणीतल्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढणारा शहादेव वाव्हळ आताशा पेशंटसमोर ‘डाग’ हा शब्द काढत नाही. सावली म्हणतो, ठिपका म्हणतो, अगदीच अडलं तर बोट ठेवून दाखवतो. दुसरीही एक सवय त्याला नवी लागली आहे. बाई स्टँडला छाती लावून उभी राहिली की बटण दाबण्याआधी तो शिशाच्या आडोशामागून बाहेर येतो, बाजूनं वाकतो आणि तिच्या तोंडाकडे नीट बघतो. बायकांना ते खटकतं. एकीनं तर, ‘कावून बघायलास रं तोंडाकडं, मुडद्या?’ असं सरळ विचारलं. शहादेवनं ऐकून घेतलं आणि तरीही बघितलं.

आधी तो असा नव्हता. वीस-बावीस वर्षं काम करणाऱ्या माणसाला बघावं लागतच नाही, अशी त्याची समजूत होती. बाप सालगडी, पण पोराला त्यानं अंबाजोगाईला पाठवून एक्स-रेचा कोर्स करायला लावला. तेव्हापासून शहादेव एकाच डॉक्टरकडे आहे. पहिली चौदा वर्षं त्यानं डार्करूममध्ये काढली. तांबडा दिवा, तीन टाक्या, आणि हाताला कायमचा चिकटलेला औषधाचा आंबूस वास. बायको अंजली म्हणायची, तुमच्या हातचा घास बी दवाखान्याचा लागतो. पण ओली फिल्म दिव्यासमोर धरली की छातीत काय आहे ते डॉक्टरांच्या आधी त्याला कळायचं. कळायचं, पण सांगायची परवानगी नव्हती. कळणं आणि सांगणं यांच्यामध्ये डिग्रीची भिंत असते आणि शहादेवनं ती कधी ओलांडली नाही.

मग टाक्या गेल्या आणि कॉम्प्युटर आला. त्याच्यासोबत पुण्याच्या कुठल्याशा मोठ्या हॉस्पिटलनं काढून टाकलेला एक मॉनिटर आला. उभा, जाड, दोन हातांनी उचलावा असा. त्यात रंग औषधालाही नव्हता. काळा, पांढरा आणि मधले करडे, एवढंच. बघणारे हसायचे, ह्यो कसला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही म्हणायचे. शहादेव मात्र पहिल्या दिवशीच त्याच्या प्रेमात पडला. रंगीत मॉनिटरवर जी सावली नुसती धुरकट दिसते, ती इथं कडेसकट दिसायची. ओल्या फिल्मसारखीच, किंवा जरा जास्तच.

कॉम्प्युटर जुना होता, म्हणून बीडच्या सुरज नावाच्या इंजिनिअरनं त्यात लिनक्स ही फुकटची सिस्टीम घालून दिली आणि चार-सहा कमांड शिकवून तो बंगळुरूला नोकरीला निघून गेला. शहादेवनं त्या कमांड शंभर पानी वहीत लिहून ठेवल्या. स्पेलिंग इंग्रजीत, उच्चार मराठीत, आणि पुढं स्वतःच्या शब्दांत अर्थ: ‘मॉनिटर किती जोडलेत ते विचारणे’, ‘रात्री काय बिघडलं त्याची नोंद वाचणे’. वहीवर त्यानं खाकी कव्हरही घातलं होतं. डॉक्टर त्याला चिडवायचे, ‘शहादेव, पोथी वाचली का आज?’

आता पोतीचं सांगितलं पाहिजे. छातीचा फोटो काढायचा तर गळ्यात धातू नको. धातू फोटोत पांढराशुभ्र उठतो आणि त्याच्याखालचं काही दिसत नाही. पण नवरा जिवंत असलेली बाई गळ्यातली काळ्या मण्यांची पोत काढत नाही, तिच्यातलं डोरलं काढत नाही. काढ म्हणणाऱ्याला ती वेड्यात काढते. त्यावर एक्स-रेवाल्यांनी फार पूर्वीच तोड काढून ठेवली आहे: पोत दातात धरायची. म्हणजे ती गळ्यातही राहते आणि छातीवरही येत नाही. ‘श्वास घ्या, पोत दातात धरा, हलू नका.’ शहादेवनं हे वाक्य हजारो वेळा म्हटलं असेल, आडोशामागून, बटणावर बोट ठेवून.

गेल्या जानेवारीत उंदरानं मॉनिटरची केबल कुरतडली. शहादेवनं बाजारातल्या मोबाइलच्या दुकानातून तसल्याच तोंडाची दुसरी केबल आणून लावली. चित्र आलं, पण ते आलं कसं? माणसांच्या बरगड्या वर-खाली ताणलेल्या, फोटोची वरची कड पडद्याबाहेर गेलेली आणि करडे सगळे एकमेकांत कालवलेले. पांढरं ते चुन्यासारखं पांढरं, काळं ते डांबर. त्यानं मशीन बंद करून चालू केलं. केबल कॉम्प्युटरमागच्या दुसऱ्या तोंडाला लावून बघितली. वही उघडून कॉम्प्युटरला विचारलं, मॉनिटर जोडलाय का? उत्तर आलं, जोडलाय. किती मोठा आहे? त्यावर कॉम्प्युटरनं तीन फुटकळ मापं सांगितली, ज्यातलं एकही ह्या मॉनिटरचं नव्हतं.

त्यानं सुरजला फोन लावला.

“जयभीम काका,” सुरज म्हणाला. “नोंदीत काय लिहिलंय ते वाचून दाखवा.”

शहादेवनं एकेक अक्षर वाचून दाखवलं.

“मॉनिटर जोडला की कॉम्प्युटर त्याला आधी विचारतो, तू कोण? मॉनिटर सांगतो, माझं नाव हे, माप हे, मला रंग नाही. तुमच्या मॉनिटरचं उत्तर पोचत नाहीये. नाव कळलं नाही की त्याच्या नावावर ठेवलेलं करड्यांचं माप पण लागत नाही.”

“मग चित्र कसं येतंय?”

“कळलं नाही म्हणून ते गप्प बसत नाही काका. अंदाज करतं.”

शहादेवनं तेवढं वाक्य वहीत लिहून घेतलं. डॉक्टरांच्या कानावर घातलं तर ते म्हणाले, “दिसतंय ना काहीतरी? चालू द्या तोवर.” आणि ते तोवर चालू राहिलं.

नवव्या दिवशी, मंगळवारी, बायडाबाई आली. मंगळवारी डॉक्टर बीडच्या दवाखान्यात बसतात आणि इकडचं फोनवर बघतात. बायडाबाई मेंढपाळ तात्याबाची बायको, पंचेचाळिशीची, उन्हानं रापलेली, हाडाची काटक. दोन महिने खोकला होता. तात्याबा बाहेर लिंबाखाली काठी टेकून बसला, कारण मेंढरं फाट्यावर लोकांच्या भरवशावर सोडून आला होता आणि जीव सगळा तिकडं होता.

त्या दिवशी शहादेवचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळीच त्यानं वहीत बघून मॉनिटरला मोठं माप जबरदस्तीनं लावायचा प्रयत्न केला होता आणि पडदा तासभर पार काळा झाला होता. कसाबसा तो ताणलेल्या चित्रावर परत आणला तोवर बाकावर सात जण बसलेले. त्यानं बाईला उभं केलं, आडोशामागं गेला, मान कॉम्प्युटरकडं, बोट बटणावर. “श्वास घ्या, पोत दातात धरा, हलू नका.” आणि फोटो काढला. तिनं पोत धरली की नाही, हे त्यानं बघितलं नाही.

चित्र पडद्यावर आलं. उजव्या छातीत, गळ्याजवळच्या हासळीच्या हाडाखाली, एक पांढरा गोळा. नेहमीच्या मॉनिटरवर त्याला क्षणात कळलं असतं. इथं कडाच नव्हत्या. त्यानं डॉक्टरांना फोन लावला.

“साहेब, उजवीकडं वर डाग दिसायलाय.”

“डाग अंगावरच होता का? काढला नव्हता?”

आणि इथंच सगळं फिरलं. आमच्याकडं डाग म्हणजे ठिपका, आणि डाग म्हणजे दागिनाही. लग्नात पोरीला चार डाग घातले असं म्हणतात, ते काही तिच्यावर शाई सांडली म्हणून नव्हे. इथं कुणी ध चा मा केला नव्हता. शब्द तोच होता, फक्त ऐकणाऱ्यानं आपल्या सोयीचा अर्थ उचलला. डॉक्टरांच्या मनात दागिना आला. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर तो शहादेवच्याही मनात आला, आणि मोठ्या माणसाच्या तोंडची शंका आपल्याला खात्रीसारखी वाटते, तसं झालं.

तो बायडाबाईकडे वळला. “मावशी, डाग काढला होता का?”

तिनं पदराआड गळ्याला हात लावला. “न्हाई बा. डाग कसा काढीन? धनी भाईर बसलेत की.”

ती खरंच बोलली होती. डोरलं तिनं गळ्यातून काढलं नव्हतं, सांगितल्याप्रमाणे दातात धरलं होतं. पण दातात होतं का, हे शहादेवनं विचारलंच नाही, आणि विचारल्याशिवाय तिनं कशाला सांगावं?

“न्हाई काढला म्हणतेत,” तो फोनवर म्हणाला.

“मग दागिनाच तो. परत काढा फोटो.”

पण परत काढायचा म्हटल्यावर बाई हटून बसली. दातात धरा सांगून उपयोग झाला नाही असं धरून शहादेव म्हणाला, आता डाग काढावाच लागंल. ती म्हणाली, त्ये जमायचं न्हाई. तो चिडला. सकाळपासून मॉनिटरवर धुमसत असलेला राग त्यानं तिच्यावर काढला. डॉक्टरांनी सांगितलेलं खोकल्याचं औषध तिच्या हातात देऊन तो म्हणाला, “दवा घ्या. न्हाई थांबला खोकला तर या. पण येताना डाग काढून या, न्हाईतर येऊ नका.”

बायडाबाईनं मान हलवली आणि ती नवऱ्यामागं फाट्याकडं निघून गेली.

त्यानंतर सहा आठवडे शहादेव मॉनिटरच्या मागं लागला. म्हशीला आजार आणि पखालीला इंजेक्शन, असला प्रकार. त्यानं कॉम्प्युटर झाडून पुसला, नोंदींची पानंच्या पानं वाचली, सुरजला इतके फोन केले की सुरज एकदा म्हणाला, काका, इथं माझी नोकरी जाईल. जवळच असलेली केबल मात्र त्यानं हातात घेऊन बघितली नाही, कारण ती नवी होती. आणि नवी वस्तू खोटी असेल असं आपल्याला वाटत नाही.

होळीनंतरच्या एका सकाळी त्यानं ती सहज उपसली आणि उन्हात धरली. जुनी कुरतडलेली केबल कपाटातून काढून शेजारी ठेवली. मग दोन्हींच्या टोकाच्या पिना मोजल्या. नव्या केबलीत काही पिना नव्हत्याच. नुसतं तोंड तसं होतं, आत जागा रिकाम्या. ज्या दोन पिनांतून मॉनिटर आपलं नाव सांगतो, त्याच त्या. चित्र जाण्यापुरत्या तारा होत्या, ओळख सांगण्यापुरत्या नव्हत्या. त्यानं जुनी केबल नेऊन रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून तुटलेल्या तारा जोडून घेतल्या आणि लावली. मॉनिटर एकदा काळा झाला, मग उजळला. वरपासून खालपर्यंत, सगळ्या करड्यांसकट. शहादेवनं कॉम्प्युटरला विचारलं आणि त्यानं मॉनिटरचं पूर्ण नाव सांगितलं. शहादेव एकटाच हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं होतं.

मॉनिटर नीट दाखवतो का ते बघायला त्यानं मधल्या काळातले फोटो एकेक उघडायला सुरुवात केली. चौदावा की पंधरावा फोटो बायडाबाईचा होता.

आता वरची कड दिसत होती. तिथं खालचा जबडा होता, दातांची रांग होती, आणि दातांमध्ये पोतीचे मणी एकेक मोजता यावेत असे, मधोमध डोरलं. लख्ख, धारदार कडांचं. त्याच्या वीतभर खाली, उजव्या छातीत, तो पांढरा गोळा होता. त्याच्या कडा विरलेल्या होत्या आणि मध्ये एक काळसर पोकळी होती. असले गोळे शहादेवनं ओल्या फिल्मवर शेकड्यानं बघितले होते. फुप्फुस खात बसलेला क्षय. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या की माणूस उठून चालायला लागतो, हेही त्यानं बघितलं होतं. आपण तिला येऊ नका म्हटलं होतं, हे त्याला शब्द न् शब्द आठवत होतं.

त्यानं मोबाइलवर पडद्याचा फोटो घेतला आणि डॉक्टरांना दाखवला. डॉक्टरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “बोलवून घ्या तिला. थुंकी तपासू, लगेच औषध चालू करू.” शहादेव दारापर्यंत गेल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली. “कारण सांगत बसू नका. पुन्हा तपासायचंय म्हणा, बस.”

कागदावरचा नंबर बंद होता. वस्तीवर चौकशी केली तर कळलं, तात्याबाची मेंढरं गेवराईकडं गोदाकाठाला गेलीत, शिमगा झाला की जातातच. दुसऱ्या दिवशी शहादेवनं रजा टाकली आणि मोटरसायकलवर निघाला. रस्त्यात जिथं मेंढरं दिसली तिथं तो थांबला, विचारलं, पुढं गेला. मनात एकच हिशेब घोळत होता. सहा आठवडे होऊन गेले, पण बाई काटक आहे. काटक माणसं टिकतात.

दुपारी उसाच्या एका मोकळ्या झालेल्या रानात त्याला तात्याबा सापडला. मेंढरं वाघरीत, जाळीच्या कुंपणात, एकमेकांच्या सावलीत माना घालून उभी होती. तात्याबा बाभळीखाली एकटाच बसला होता. त्यानं ओळखलं.

“फोटोवालं सायेब न्हवं? हिकडं कुठं?”

“मामा, मावशी कुठंयत?”

“गेली,” तात्याबा म्हणाला. “आज बारावा दिस हाय.”

शहादेव तिथंच मातीत बसला. तात्याबानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला आणि स्वतःच सांगायला लागला. बारा दिवस मेंढरांशिवाय ऐकायला कुणी नसावं.

“खोकला थांबंना. मी रोज म्हनायचो, चल वडवणीला. तर म्हनायची, त्या सायबानं डाग काढून या म्हनलंय, न्हाईतर येऊ नका म्हनलंय. तुमी जित्तं असताना मी डाग काढीत न्हाई. लई हट्टी. म्हैनाभर तेवढ्यावर अडून बसली. रगात पडाया लागलं तवा कुठं ऐकलं. हितल्या फाट्यावर यष्टीची वाट बघत उभं ऱ्हायलो अन तिथं काढून माझ्या हातात दिला. म्हनली, फोटू झाला की घालते. यष्टी यायच्या आदी मोठी उलटी झाली, निस्ती रगताची. तिथंच गेली.” त्यानं तळहातानं तोंड पुसलं. “हट्टापायी गेली सायेब. तुमचं ऐकलं असतं तर ऱ्हायली असती.”

शहादेवला वाटलं, उठावं आणि निघून जावं. दोष कुणाचा ते तात्याबानं आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि जिचा ठरवला ती आता भांडायला येणार नव्हती. डॉक्टरांनी तर गप्प राहायलाच सांगितलं होतं. कुणाला काही कळलं नसतं. पण मेलेल्या बाईच्या माथी आपली चूक मारून वडवणीला परत जाणं त्याच्यानं झालं नाही.

“मामा, तिनं हट्ट केला न्हाई,” तो म्हणाला. “तिचं काईच चुकलं न्हाई. त्या दिवशी पोत दातात धरा म्हनलो, तिनं धरली होती. छातीत दिसलं ते दुखणं होतं. मी त्याला डाग म्हनलो. ठिपका ह्या अर्थानं म्हनलो अन मग मलाच वाटलं, ह्यो दागिना हाय. आमचा मॉनिटर बिघडला होता, नीट दिसत न्हवतं. पर मी बघितलं बी न्हाई. अंदाज केला.”

एक मेंढी खोकली, तात्याबानं तिकडं बघितलं, परत मान वळवली.

“म्हंजी डाग काढायचा न्हवता.”

“न्हवता.”

तात्याबानं कनवटीला हात घातला आणि फडक्याची एक पुरचुंडी सोडली. आत काळ्या मण्यांची पोत होती आणि डोरलं होतं. “घाबऱ्याघाबऱ्या माती दिली. ह्ये कनवटीलाच ऱ्हायलं. हितं मेंढरांपाशी आल्यावर ध्यानात आलं,” तो म्हणाला. “नवरा जित्ता असताना बाई उघड्या गळ्यानं गेली, सायेब.” आता त्याचा आवाज फाटला. बायको गेल्याचं सांगताना फाटला नव्हता, तो इथं फाटला.

शहादेवनं मोबाइल काढला आणि पडद्याचा तो फोटो त्याच्यासमोर धरला. तात्याबानं मोबाइल दोन्ही हातांत घेतला, उन्हाच्या तिरिपेमुळे काही दिसेना तर त्यावर उपरण्याची सावली केली.

“हीच हाय?”

“हीच.”

छातीतल्या त्या गोळ्याबद्दल त्यानं काही विचारलं नाही. बरगड्या ओलांडून त्याचं जाड बोट वर सरकत गेलं आणि जबड्यापाशी थांबलं. एका हातात पोत, एका हातात मोबाइल धरून तो आळीपाळीनं दोन्हींकडे बघत राहिला.

“धरलाय की,” तो म्हणाला. “तुमी सांगितल्यावानीच धरलाय.”